अननसवाल्या द्वारकाताई

मागच्या महिन्यात लोणावळ्याला रावसाहेबांची शोकसभा झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मीही बोलायला गेले नव्हते. ऐकायला गेले होते. पण एकेक वक्ता उठू लागला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकाने त्यांना 'मावळातल्या अननसाचे जनक' म्हटलं. दुसऱ्याने त्यांच्या अननसपाकाला संजीवनीच्या पंगतीत बसवलं. तिसऱ्याने तर सांगितलं, की रावसाहेब पहाटे उठून स्वतः रोपांवरून हात फिरवत. ज्या माणसाला चहाचे दोन पेले झाल्याशिवाय कुणी माडीवरून खाली उतरलेलं पाहिलं नाही, त्याने पहाटे हात फिरवला म्हणे. अख्ख्या सभेत द्वारकाताईंचं नाव कुणी घेतलं नाही. मी मधेच उठून घरी आले.

राग शांत झाल्यावर लिहावं, असं शहाणी माणसं सांगतात. माझा राग शांत व्हायची वाट पाहत बसले तर हे लिहून व्हायचं नाही.

मी तेव्हा लोणावळ्याच्या एका मुलींच्या बोर्डिंगात शिकवत होते. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. वलवणच्या अंगाला उतारावर रावसाहेबांची फळबाग होती. मुंबईला त्यांचा कापडाचा धंदा, इथे हवा खायला बंगला, आणि बंगल्यामागे ही बाग. बागेच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती. तिला रावसाहेब पाहुण्यांसमोर 'आमची लॅबोरेटरी' म्हणत आणि एरवी 'ती बाईंची खोली' म्हणत. त्या खोलीत द्वारकाताई काम करायच्या.

ताई रसायनशास्त्राच्या एम.एस्सी. होत्या. पहिल्या वर्गातल्या. पुण्यात नोकरी मागायला गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की कॉलेजातल्या मुलांना बाईने रसायन शिकवणं बरं दिसणार नाही. 'बरं दिसणार नाही' हे कारण ऐकून त्या परत आल्या आणि जिथे कुणी बघायला येणार नाही अशा या उतारावर अननस लावायला लागल्या. पगार माळ्याहून थोडा जास्त, कारकुनाहून बराच कमी. त्याबद्दल मी कधी चिडून बोलले, तर म्हणायच्या, "मालती, अननसाला माझा पगार माहीत नाही. तो आपलं काम नीट करतो."

दिसायला किरकोळ. नऊवारी लुगडं, त्याखाली पुरुषी बूट, कारण अननसाच्या पानांचे काटे पाय फाडतात. बोटांच्या टोकांना कसला तरी निळा रंग कायम लागलेला. 'कशावरून?' हा त्यांचा आवडता शब्द. आपण म्हणावं, आज गारठा जास्त आहे, तर त्या विचारणार, कशावरून? सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई आपल्याला खोटं पाडते. मग कळलं, त्या स्वतःलाही दिवसभर हेच विचारत असतात.

आणि त्यांचा राग. इतरांचा राग आवाजात चढतो, ताईंचा चष्म्यात उतरायचा. म्हणजे राग आला की त्या चष्मा काढून हातात धरायच्या, आणि चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नसे. त्यामुळे समोर गडी आहे का मालक, हे न दिसता त्या सगळ्यांना एकाच मापाने बोलायच्या. हा न्याय मी पुढे कोर्टातही पाहिला नाही.

बागेत जवळच्या कुरवंडे गावच्या हौसाबाई कामाला यायच्या. ताईंना टोपणनाव दिलं ते त्यांनीच. माघात अननसाला फुलं येतात. एका कणसावर दाटीवाटीने शंभरेक जांभळी फुलं, खालून वर रोज थोडी थोडी उमलत जाणारी. ताई सकाळी उठून बारीक कुंचल्याने एका जातीच्या फुलातलं केसर दुसऱ्या जातीच्या फुलाला लावायच्या. हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघायच्या.

"बाई, ह्ये काय करताय?"

"लग्न लावतेय."

"अन् नवरा कुटं हाय?"

"हा क्यू जातीचा. मोठा, पानाला काटा नाही, पण वासाला मिळमिळीत. आणि ही राणी. लहान, काटेरी, पण कापली तर अख्ख्या घराला कळतं."

"मंग एवढ्या दिसात आपल्या आपण का न्हाई लागलं लगीन?"

"शेजारी शेजारी एकाच जातीची असली की यांना बी धरत नाही. परकं कुळच लागतं."

हौसाबाई खूप वेळ हसल्या. "आमच्यावानीच की वो. सगोत्र चालत न्हाई."

त्या दिवसापासून कुरवंड्यात ताई 'लगीन लावनाऱ्या बाई' झाल्या. ज्या बाईचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं तिला असं नाव पडावं, यावर गावातल्या सभ्य मंडळींनी पुष्कळ विनोद केले. ताईंना नाव आवडलं होतं. त्या म्हणायच्या, शेंडा लावा नाहीतर बुडातला फुटवा लावा, तो आईचीच नक्कल काढणार. बी मात्र स्वतःचं डोकं चालवतं. रावसाहेबांचे चिरंजीव बापासारखीच मान हलवत बागेतून गेले, की ताई माझ्या कानाशी म्हणायच्या, "फुटवा."

पण बियांपासून अननस म्हणजे वर्षांचं काम. मोहरीएवढं बी, त्यातून नखाएवढं रोप, पावसात कुजू नये म्हणून त्याला गादीवाफा, उन्हाळ्यात सावली. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. त्यात अननसाची मुळं टिकवणं हीच एक तपश्चर्या. वाफेच्या वाफे सडले. उरली ती रोपं ताईंनी वर्षानुवर्षं सांभाळली. क्यूचा आकार, राणीचा वास, पानाला काटा नाही, पावसाला दाद नाही आणि क जीवनसत्त्व भरपूर, असा एक अननस त्यांना हवा होता. त्याचं रोप मावळातल्या कुणालाही फुकट द्यायचं, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. रावसाहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि ताईंनी ते सांगायची घाई केली नव्हती.

आता बासुंदीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या बासुंदीतून झालं.

एकदा बंगल्यावर मुंबईचे पाहुणे होते. आचाऱ्याने हौसेने बासुंदीत कच्च्या अननसाच्या फोडी घातल्या आणि वाढेपर्यंत ती कडूजहर झाली. रावसाहेबांनी आचाऱ्याला सगळ्यांदेखत नासकं दूध वापरणारा चोर ठरवलं आणि गाशा गुंडाळायला सांगितलं. हौसाबाईंनी हे ताईंना सांगितलं. ताई बूट न काढता तडक बंगल्यात गेल्या. हातात दुधाचे दोन पेले. एकात अननसाचा कच्चा रस घातला, दुसऱ्यात उकळून गार केलेला. पाहुण्यांना ताटावर बसवून ठेवलं, आणि काही वेळाने रावसाहेबांना दोन्ही पेले चाखायला लावले. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"दूध नासलेलं नव्हतं," ताई म्हणाल्या. चष्मा हातात होता. "कच्च्या अननसात एक पाचक असतं. ते दूध तुमच्या पोटाआधीच पचवायला घेतं. जीभ चिरचिरते तीही त्यानेच. उकळलं की ते मरतं. आचाऱ्याचा दोष नाही. त्याची माफी मागा."

रावसाहेबांनी माफी मागितली नाही, पण आचारी राहिला. आणि रावसाहेबांच्या डोक्यात दुसराच दिवा लागला. उकळला की जीभ चिरचिरत नाही, मग पोरंबाळंही पितील. महिन्याभरात बागेच्या कडेला शेड उभी राहिली, तांब्याच्या मोठमोठ्या कढया आल्या, आणि अननसपाक निघाला. ताईंनी आपल्या खोलीत काचेच्या भांड्यात पाक करून तपासला होता. आंबट रसात क जीवनसत्त्व उकळूनही बऱ्यापैकी टिकतं, असं त्यांना दिसलं आणि त्यांनी तसं सांगितलं. लहान मुलांना चांगला, असं त्याच म्हणाल्या.

आमच्या बोर्डिंगच्या कमिटीवर रावसाहेब होते. तेव्हा पाकाच्या बाटल्या कुठे आल्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. फळं बंद झाली, लिंबं बंद झाली. रोज सकाळी प्रत्येक मुलीला चमचाभर पाक. कमिटीला केवढा आनंद, की फळांचा खर्चही गेला आणि पोषणही झालं.

फाल्गुनात भाजे गावची पारू आजारी पडली. चुणचुणीत मुलगी, पण दिवसभर भिंतीला टेकून बसायला लागली. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग आणखी दोघींच्या. सुपरिंटेंडेंट बाई म्हणाल्या, उष्णता आहे, पाक दुप्पट द्या. मी ताईंना बोलावून आणलं. ताईंनी पारूला आ करायला सांगितलं, बोटाने हिरडी दाबून पाहिली, आणि एकच विचारलं, "ताजं काय खाता?"

"पाक देत्यात रोज," पारू म्हणाली.

ताई बाटली घेऊन खोलीवर गेल्या. मी मागोमाग. त्यांच्या बोटांना लागायची ती निळी दवा त्यांनी काढली. ताज्या रसाचे थेंब टाकले की ती आधी गुलाबी होते आणि मग पाण्यासारखी स्वच्छ. जीवनसत्त्व तो रंग खाऊन टाकतं. आमच्या बाटलीतला पाक टाकला. दवा गुलाबी झाली आणि गुलाबीच राहिली. ताईंनी नवी बाटली उघडली, पुन्हा केलं. पुन्हा गुलाबी. मग त्या शेडमध्ये गेल्या आणि एका कढईच्या तळावरून अंगठा फिरवला. आत लालबुंद तांबं चमकत होतं.

"कल्हई कधी केली होती?"

"दिवाळीला, बाई," तिथला गडी म्हणाला. "आंबटानं लगीच जाती. रावसाब म्हनले, ऱ्हाऊ द्या."

ताई कढईच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. उघड्या तांब्यात उकळलं की क जीवनसत्त्व नावालाही उरत नाही. "मी काचेत तपासलं, मालती," त्या म्हणाल्या. "हे लोक तांब्यात उकळतात, हे रोज डोळ्यांनी बघत होते आणि काचेतलं खरं मानून बसले. मला कुणी 'कशावरून' विचारलं नाही, आणि मीही नाही."

पारूसाठी त्या दिवसापासून कैऱ्या आणि लिंबं सुरू झाली. ती मी आणि हौसाबाई लपवून नेत होतो. आजारी मुलीला लिंबू लपवून द्यावं लागावं, याची आजही मला चीड येते.

ताई रावसाहेबांकडे गेल्या. कल्हई करा, तोवर पाक विकू नका, बोर्डिंगला फळं द्या. रावसाहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, वैशाखात आपण फळांचं प्रदर्शन भरवतोय. पुण्याहून साहेबलोक येणार. तुम्ही तिथे पाकाबद्दल चार शब्द बोला. पुढे कल्हईचं पाहू. तुमच्या त्या बियांच्या रोपांना यंदा पहिली फळं धरली आहेत ना? पावसाळ्यात पिकतील. बाग माझी आहे, बाई. रोपं तिथे राहावीत असं मलाही वाटतं."

इतकं सभ्य धमकावणं मी पुन्हा ऐकलं नाही.

हौसाबाईंनी ताईंना वाफ्याच्या कडेला बसवून समजावलं. "बाई, येक पाऊस थांबा. फळं हातात येऊ द्या. मंग बोला काय बोलायचं ती. इतकी वर्सं लेकरावानी वाढिवली."

"रोपं थांबतील, हौसाबाई. हिरड्या थांबत नाहीत."

"पर रोपं ऱ्हातील का?"

वाफ्यात मुठीएवढी हिरवी फळं धरली होती. एकाच्या पानाला एकही काटा नव्हता. ताईंनी ते पान बोटांनी दोन्ही कडांनी चाचपून पाहिलं, आणि उठल्या.

प्रदर्शनाला मांडव, तोरणं, बँड. ताईंनी टेबलावर निळ्या दवेचे दोन पेले ठेवले. पहिल्यात ताज्या अननसाचा रस टाकला. निळा, गुलाबी, स्वच्छ पाणी. दुसऱ्यात पाक टाकला, चमचा, दोन चमचे, अर्धी बाटली. सुरेख गुलाबी रंग आला आणि तसाच राहिला. ताई सांगायला तोंड उघडणार तोच रावसाहेब उठले आणि म्हणाले, "पाहा मंडळी. साध्या रसाने रंग उडाला, आपल्या पाकाने कसा टिकला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या साहेबांनीही वाजवल्या. शिकलेली माणसं, कोट घातलेली, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की रंग राहणं चांगलं का जाणं चांगलं.

ताईंनी चष्मा काढला. "रंग राहिला म्हणजे बाटलीत काही नाही," त्या म्हणाल्या. आवाज वाढवला नाही, त्यामुळे मागच्यांना ऐकूही गेलं नसेल. "उघड्या तांब्यात उकळून तुम्ही जीवनसत्त्व मारलंय. हा पाक म्हणजे साखरेचं पाणी आहे. बोर्डिंगच्या मुलींच्या हिरड्यांतून रक्त येतंय. मुलांना चांगला म्हणून पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. ती माझी चूक होती. ती मी आज इथे परत घेते. तुम्ही तुमची घ्या."

"बाईंना उन्हाचा त्रास होतोय," रावसाहेब हसत म्हणाले, आणि त्यांनी बँडवाल्यांना खूण केली. बँड वाजायला लागला. ताई बोलत होत्या ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

पुढच्या सोमवारी ताईंच्या रोपांवर कोयते चालले. उपटून नुसती टाकली असती तर हौसाबाईंनी चार परसात नेऊन लावली असती. म्हणून तुकडे करून चुन्याच्या खड्ड्यात घातली. जिथे ती होती तिथे क्यूचे फुटवे ओळीने लावले. ज्या गड्यांनी कोयते चालवले ते कुरवंड्याचेच होते, मजुरी घेऊन निघाले, आणि त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. ज्यांच्यावर रागवायचं ते माडीवर चहा पीत होते.

एवढं मात्र झालं. सुपरिंटेंडेंट बाईंनी कुणाला न सांगता पाकाच्या बाटल्या कोठारात टाकल्या आणि लिंबं परत सुरू केली. पारूची हिरडी भरून आली. बाईंनी ताईंचे आभार मानले नाहीत. कमिटीच्या कानावर जाईल म्हणून.

ताईंना नाशकाकडे एका शाळेत जागा मिळाली. त्यानंतर त्यांची वर्षाकाठी एखाद-दोन पत्रं येत राहिली, पण भेट नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते लोणावळ्याच्या स्टेशनवर.

ज्येष्ठ लागला होता. मी पोचवायला गेले होते. हमालाने ट्रंक मुंबईच्या गाडीत चढवली. ताई पाणी प्यायला म्हणून फलाटावरच्या टपरीशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. टपरीवर अननसपाकाच्या बाटल्या मांडल्या होत्या. नवी लेबलं, सोनेरी किनार, आणि खाली छापलं होतं: 'श्रीमती द्वारकाबाई, एम.एस्सी. यांच्या जाहीर प्रयोगात तपासलेला.'

खोटं नव्हतं त्यात काही. प्रयोग जाहीर होता, पाक तपासलेलाही होता. रावसाहेबांच्या अशा अकलेला कुणी शोकसभेत दाद दिली असती, तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

गार्डाने शिट्टी दिली. "ताई, गाडी सुटतेय," मी म्हणाले.

"सुटू दे."

"ट्रंक आत आहे."

"कल्याणला उतरवून ठेवतील. तू जा, तुझी प्रार्थनेची घंटा चुकेल."

गाडी ट्रंक घेऊन घाटाकडे निघून गेली. मी पुलावर चढले तेव्हा पुण्याकडची गाडी येऊन उभी राहिली होती आणि टपरीशी माणसं जमली होती. एक बाई कडेवर मूल घेऊन बाटली हातात धरून उभी होती. ताई तिच्या हातातल्या लेबलावर बोट ठेवून सांगत होत्या. आवाज वरपर्यंत येत होता.

"हे नाव माझं आहे. मी तपासलंय आणि मी याला नापास केलंय. त्या पाटीवालीकडची करवंदं घ्या. लिंबू द्या पोराला."

त्या बाईने एकदा लेबलाकडे पाहिलं, एकदा ताईंच्या बुटांकडे, आणि टपरीवाल्याला पैसे देऊन, बाटली पदराखाली धरून ती गाडीत जाऊन बसली.

ताई पुढच्या माणसाकडे वळल्या.